खडकावर वाळलेला मोह

६ जानेवारी २०२५, सोमवार. मूल, जिल्हा चंद्रपूर.

आमच्या कंपनीत चवीचं काम बघणाऱ्या उर्वशी मॅडमनी सांगितलं म्हणून ही डायरी विकत घेतली. चव घेणाऱ्यांच्या गटात माझं नाव आलं आहे. मॅडम म्हणाल्या, काय घडलं ते लिहिलं नाहीस तरी चालेल, कसला वास आला ते रोज लिही, त्याने नाक तयार होतं. बारावी अर्धी सोडली असली तरी शुद्धलेखनात माझा हात धरणारा वर्गात कुणी नव्हता. त्यामुळे लिहिण्याची भीती नाही. चव घेण्याची आहे.

आजचे वास: रस्त्यावर राईस मिलचा कोंडा. पिंपांच्या गोदामात ओलं लाकूड. निकेशभाऊंच्या तोंडाला तंबाखू-सुपारीचा खर्रा. निकेशभाऊ आमचे सुपरवायझर. खर्रा सोडायचा या अटीवर मॅडमनी त्यांना गटात घेतलं आहे. त्यांनी हो म्हटलं, आणि पुडी वरच्या खिशातून खालच्या खिशात गेली.

काम काय आहे ते एकदा नीट लिहून ठेवतो. आमच्या कंपनीत बार्लीपासून सिंगल माल्ट व्हिस्की बनते. ती जुन्या अमेरिकन पिंपांत काही वर्षं मुरते. आता मालकांना नवीन करायचं आहे. शेवटचे काही महिने तीच व्हिस्की वेगळ्या पिंपांत ठेवली आहे, म्हणजे त्या पिंपात आधी जे काही होतं त्याची चव तिला लागते. कोणत्या पिंपात आधी काय होतं हे चव घेणाऱ्यांना सांगत नाहीत. खडूने लिहिलेला नंबर फक्त दिसतो. जे पिंप जिंकेल त्याची बाटली निघेल.

घरी यातलं काही माहीत नाही. माय समजते की मी राईस मिलच्या गोदामात आहे.

११ जानेवारी, शनिवार. कोहकाटोला.

घरी आलो. मूलहून गडचिरोली, तिथून धानोऱ्याची एसटी, मग पायी. मध्ये वैनगंगेचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा, तिथे दारू चालते. पलीकडे गडचिरोली जिल्हा, तिथे बंद. आणि आमच्या गावात तर सरकारपेक्षा माझी मायच पक्की. सोमारीबाई उसेंडी, दारूबंदी महिला समितीची अध्यक्ष. देवाला लागते तेवढी मोहाची धार सोडली तर गावात थेंब नाही.

समितीच्या बाया निळ्या साड्या नेसून एसटीच्या थांब्यावर उभ्या राहतात आणि उतरणाऱ्या पुरुषांची तोंडं हुंगतात. माय डाव्या हाताने हनुवटी धरते, डोळे मिटते आणि नाक जवळ नेते. तिचं नाक चुकत नाही. ज्याच्या तोंडाला वास येईल त्याने ग्रामसभेपुढे बसायचं. मान वर ठेवायची, उत्तर द्यायचं नाही, ज्याला जे बोलायचं ते बोलून होईपर्यंत उठायचं नाही. मागच्या वर्षी तिने आपल्या सख्ख्या भावाला, वारलूमामाला, बसवलं. मामा आजही आमच्या अंगणात येत नाही.

माझं नशीब असं की पूर्वी तपासणी शनिवारी असायची, ती मायनेच रविवारी नेली. मी शनिवारी येतो आणि सोमवारी पहाटे निघतो. मी कंपनीत लागलो त्याच्या पुढच्याच महिन्यात हे झालं. असा योग क्वचित येतो.

तरीही मी खबरदारी घेतो. पुलाच्या आधी शर्ट बदलतो, वेलदोडा चघळतो. आज जेवताना माय म्हणाली की वेलदोड्याने काही होत नाही, पेरूचा पाला चांगला. पोटाला. माझ्या पोटाची काही तक्रार नाही, पण तिने पाल्याची जुडी बांधून दिली. माझे मिलचे कपडेसुद्धा तीच धुते, वहिनीला हात लावू देत नाही. म्हातारपणी माणसं हट्टी होतात.

२८ जानेवारी, मंगळवार. मूल.

सगळं क्रमाने लिहितो.

आज पहिल्यांदा वेगळ्या पिंपांची चव. मॅडमनी काचेच्या लांब नळीने एकेका पिंपातून थोडी थोडी काढली. ग्लास खाली फुगीर आणि वर निमुळते. आधी नुसता वास, मग तोंडात फिरवून थुंकायचं, मग दोन थेंब पाणी घालून पुन्हा. दोन नंबरच्या पिंपाला मनुकांचा आणि आंबूस द्राक्षांचा वास होता. पाच नंबरला जळका गूळ. निकेशभाऊ दोन्हींना छान म्हणाले. ते सगळ्याच गोष्टींना छान म्हणतात.

मग पिंप नऊ. ग्लास नाकाशी नेला आणि मला माय दिसली.

हे वाक्य लिहायला बरोबर नाही, वासात माणूस दिसत नाही. पण तसंच झालं. मार्चअखेरीची सकाळ. मोहाच्या झाडाखालचा पाला आदल्या दिवशी जाळलेला, त्या काळ्या जमिनीवर रात्रभर पडलेली फुलं. ओढ्याच्या काठचा सपाट खडक, त्यावर वाळत घातलेला मोह, वरून ऊन. आमच्या बचत गटाच्या बाया मोह डांबरी रस्त्यावर वाळवत नाहीत आणि बारदान्यावर तर नाहीच. खडक आधी पळसाच्या झाडूने झाडतात, धुतात. पूर्ण वाळल्याशिवाय फुलाला पोत्याचा धागा लागता कामा नये, हा मायचा नियम. त्या खडकाचा एक वास असतो. तो ग्लासात होता.

मॅडमनी विचारलं, काय येतंय? मी म्हटलं, गोड आहे, थोडा धूर आहे. खडकाचं सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या खरेदीच्या माणसाने मला विचारलं होतं की तुझ्या भागात चांगला मोह मिळेल का, शरबताला पाहिजे. मी तेव्हा गेटवर होतो. मी मायला सांगितलं की एका शरबतवाल्याला पाहिजे, मायने गटाला सांगितलं. आमच्या ग्रामसभेचा ठराव आहे: कोहकाटोल्याचा मोह खाण्यापिण्यालाच विकायचा, भट्टीला नाही. दोन बाया म्हणाल्या होत्या की परका व्यापारी आहे, फूल कुठे जाईल काय माहीत. माय उभी राहून म्हणाली होती, मी जबाबदार.

२९ जानेवारी, बुधवार.

खरेदीच्या माणसाला गाठलं. विचारलं की ते शरबताचं काय झालं. तो हसला. म्हणाला, "शरबतच आहे ना बे. मोठ्या लोकाईचं." मोहाची वाईन करून वर्षभर पिंपात ठेवली, मग ती काढून व्हिस्की भरली, असं त्याने सगळं सांगून टाकलं. वर म्हणाला की तुझ्या गावचं फूल लई साफ होतं.

जेवलो नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार. कोहकाटोला.

आज सांगायचंच असं ठरवून आलो होतो. पाच-सहा वाक्यं मनात तयार केली होती. पण घरात पाय ठेवला तर गटाच्या बाया बसलेल्या. दुर्गाकाकू गटाची सचिव, तोंडाची फटकळ. मला बघून म्हणाली, "आला का मिलवाला? आमचा शरबतवाला यंदा येते का नाई?" मी म्हटलं विचारून सांगतो. ती म्हणाली, "लवकर विचार. तुह्या मायनं खडक आतापासूनच धुवाले काढला." सगळ्या हसल्या. माय हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, मग चुलीकडे गेली.

माय माझ्याशी गोंडीत बोलते. समितीचं काम असलं की मराठीत. लहानपणी मी ओळखायचो, मराठी सुरू झाली की कुणाचं तरी काही खरं नाही. आज रात्री जेवताना तिने गोंडीतच विचारलं की तुझ्या मिलमध्ये सध्या काम कसलं आहे. मी म्हटलं, धानाची पोती मोजायचं. तिने ताटात आणखी भात वाढला. म्हणाली, पोती मोजणाऱ्याचे हात इतके मऊ राहत नाहीत, तेल लावत जा.

तिने मला सांगायला जागा करून दिली होती असं आता वाटतं. की नव्हती? मी पोती किती ते सांगत बसलो.

२० फेब्रुवारी, गुरुवार. मूल.

मालक आले होते. चांगले माणूस आहेत, सगळ्यांशी हात मिळवतात. पिंप नऊ त्यांना फार आवडलं आहे. त्यांनी लेबलचा कागद टेबलावर पसरला. काळा कागद, सोनेरी अक्षरं. एक बाई मोह वेचते आहे असं चित्र आणि खाली नाव: कोहकाटोला.

मला म्हणाले, तुझंच गाव ना, नाव बरोबर छापलंय का बघ. बरोबर होतं. एक काना इकडचा तिकडे नव्हता.

अठरा मार्चला शेवटची चव. पुण्याहून एक जाणकार साहेब येणार. पिंप नऊ पास झालं की फोटोवाला गावात जाणार आणि बायांचे वेचताना फोटो काढणार. मालक म्हणाले की गावालाही अभिमान वाटेल. यंदाचं फूलही तिथूनच घ्यायचं.

मी मान हलवली. उर्वशी मॅडम माझ्याकडे बघत होत्या. नंतर बाजूला घेऊन म्हणाल्या, "लोकेश, तुला काही सांगायचंय का?" मी म्हटलं नाही. त्या नागपूरच्या आहेत, बोलायला साध्या आहेत. त्यांना सांगता आलं असतं. पण सांगून काय होणार? मोह विकला तो विकला. त्या फार तर नाव बदलायला लावतील, आणि नाव का बदललं हे गोदामातल्या सगळ्यांना कळेल. आमचा पिकअपवाला विक्की दर आठवड्याला त्या बाजूला जातो. त्याला कळलं की जंगलाला कळलं.

२१ फेब्रुवारी.

वास काही आला नाही. सर्दी नाही. नुसताच आला नाही.

३ मार्च, सोमवार.

विचार करून बघितला.

मायला सांगितलं, तर तिला गटाला सांगावं लागेल. "मी जबाबदार" म्हणाली होती. वारलूमामाला जिने बसवलं तिला सगळे काय काय बोलतील. समिती मोडेल. ज्यांना मोडायला हवी आहे असे पुरुष गावात कमी नाहीत.

नाही सांगितलं, तर बाटली सांगेल.

तिसरा रस्ता एकच आहे. पिंप नऊ पास होऊ द्यायचं नाही. माझं एकट्याचं मत असून चालणार नाही, पण मॅडम माझ्या नाकावर विश्वास ठेवतात आणि निकेशभाऊ समोरच्याच्या तोंडाकडे बघून मत देतात. दोष असा सांगितला पाहिजे की जो लाकडात खरंच लागू शकतो आणि एकदा सांगितला की दुसऱ्यालाही आल्यासारखा वाटतो.

हे लिहिताना मला माझीच भीती वाटते आहे.

१८ मार्च, मंगळवार.

झालं.

पुण्याचे साहेब उंच, बारीक, हळू बोलणारे. टेबलावर पांढरा कागद, प्रत्येकापुढे तीन ग्लास. मालक उभेच होते. खिडक्या बंद, तरी बाहेरून मोहाचा वास येत होता. कंपनीच्या मागेच एक झाड आहे, फुलं पडायला लागली आहेत. 

दोन नंबर झालं, पाच नंबर झालं. नऊ नंबरचा ग्लास साहेबांनी नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा सैल झाला. ते "वा" म्हणणार, एवढ्यात मी बोललो. आधी मोठ्यांनी बोलायचं असतं, मी नियम मोडला.

मी म्हटलं, "ओल्या बारदान्याचा वास येतो आहे, सर. शेवटी."

का बारदाना? डोक्यात तेच होतं. दुसरं काही सुचलंच नाही.

 साहेबांनी पुन्हा नाक घातलं. त्यांच्या कपाळावर एक आठी आली. निकेशभाऊ ग्लास हलवत म्हणाले, "हो जी, मारते थोडा. कुबट." साहेब थुंकले, पाणी पिऊन त्यांनी परत चव घेतली. म्हणाले, आधी लक्षात आलं नव्हतं, पण आता जाणवतंय, फूल बहुधा दमट पोत्यात राहिलं असेल. मालक खाली बसले. उर्वशी मॅडम सर्वांत शेवटी बोलल्या. म्हणाल्या, "मला नाही येत." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पण लोकेशचं नाक माझ्यापेक्षा चांगलं आहे."

दोन नंबर पास झालं. लेबलचा कागद मालकांनी गुंडाळून काखेत धरला आणि गेले.

त्या ग्लासातली उरलेली मी थुंकली नाही. गिळली. पहिल्यांदाच.

१९ मार्च.

पोटभर जेवलो. गाव वाचलं. आजचे वास: फोडणी, धुतलेला शर्ट, झाडाखालचा मोह. सगळे परत आले.

२२ मार्चला घरी जाणार होतो. आता जाणार नाही, काम आहे असा निरोप दिला. तोंड बघवणार नाही असं वाटलं. कुणाचं ते माहीत नाही.

२६ मार्च, बुधवार.

विक्कीला खरेदीवाल्याने कोहकाटोल्याला पाठवलं होतं. यंदा फूल नको एवढाच निरोप द्यायचा होता. विक्की एवढ्यावर कधी थांबला आहे?

तो गोदामात सांगत होता. गटाच्या बाया झाडाखाली वेचत होत्या. दुर्गाकाकूने विचारलं, काऊन नको? विक्की म्हणाला, तुमच्या फुलाले ओल्या बारदान्याचा वास मारते म्हणे, पिंप खराब झाला. दुर्गाकाकूने विचारलं, शरबत पिंपात कोण ठेवते गा? तिथे तो गप्प राहिला म्हणतो. मला खरं वाटत नाही.

पुढचं आणखी वाईट. तिथे धानोऱ्याचा मोहाचा व्यापारी उभा होता. तो हसला. म्हणाला, कोहकाटोल्याचं फूल खडकावरचं, खडकावरचं म्हणून माझ्याशी ताठ मानेनं बोलत होत्या, आता समजलं खडक कसा आहे. आणि टोपल्या न उचलताच गेला. सगळ्या बाजारात सांगणार.

विक्कीला मी विचारलं, माय काय म्हणाली? तो म्हणाला, "तुही माय? काईच नाई. हातातली फुलं टोपलीत टाकली अन् खडकाकडे गेली. वास घेऊन पाहून राह्यली होती. खडकाचा."

गुडघे टेकून खडक हुंगणारी माय माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पहाटे अंधारात उठून ज्या बायांनी एकेक फूल वेचलं त्या आता एकमेकींच्या टोपल्यांकडे बघत असतील, कुणाचं ओलं राहिलं म्हणून.

मी दारूचा डाग पुसला आणि कुबट फुलाचा लावला. हा जास्त खोटा आहे, कारण पहिला निदान खरा होता.

२८ मार्च, शुक्रवार.

घरी फोन लागत नाही. लागला असता तर काय बोललो असतो, माहीत नाही.

मॅडमनी बोलावलं. उद्या सकाळी पिंप नऊची चव परत घ्यायची आहे, फक्त आपण दोघं. त्या म्हणाल्या, "घाई करू नकोस. मला खरंच समजून घ्यायचंय."

२९ मार्च, शनिवार. गडचिरोली बसस्थानक.

धानोऱ्याच्या एसटीला वेळ आहे. माय शेजारी बसली आहे, दुर्गाकाकू समोरच्या बाकावर झोपली आहे. मायने विचारलं काय लिहितोस. मी सांगितलं, आजचं. ती म्हणाली लिही.

सकाळी मॅडमनी पिंप नऊमधून काढून दिली. मी तोंडात घेतली. मॅडम वाट बघत होत्या. थुंकलो, आणि बोलण्यासाठी तोंड उघडलं तेव्हा काय बोलणार होतो ते मलाही माहीत नाही, कारण तेवढ्यात गेटवरचा माणूस आला. म्हणाला, दोन बाया आल्या आहेत, निळ्या साड्या, आत सोडा म्हणतात.

माय आणि दुर्गाकाकू. पहाटेच्या पहिल्या गाडीने आलेल्या. मायच्या डोक्यावर टोपली होती. मी तिला मूलला कधी पाहिलं नव्हतं. तिने कुणाला पत्ता विचारला नाही असं दुर्गाकाकू नंतर म्हणाली. राईस मिलांवरून सरळ, वासाच्या मागाने चालत आली.

माझ्याकडे तिने बघितलंच नाही. मॅडमपुढे उभी राहिली आणि मराठीत बोलली.

"मी सोमारीबाई उसेंडी. कोहकाटोल्याच्या दारूबंदी समितीची अध्यक्ष. आमच्या फुलाले बारदान्याचा वास मारते म्हणते, तो माणूस कोणता?"

निकेशभाऊ दारात आले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग आपल्या चपलांकडे. मॅडमनी नाव घेतलं नाही. म्हणाल्या, चव घेताना तसं मत आलं होतं. मायने टोपली खुर्चीवर ठेवली, वरचं पळसाचं पान काढलं. म्हणाली, वास घेऊन पाहा जी. मॅडम वाकल्या, बराच वेळ वाकून राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही. बारदाना नाही. मला तेव्हाही आला नव्हता."

माय मग माझ्याकडे वळली. टेबलावरचा ग्लास तिने बघितला.

"चाखली का आता?"

"हो."

"तोंड उघड."

डावा हात हनुवटीला, डोळे मिटलेले. थांब्यावर शेकडो वेळा पाहिलं होतं, माझ्यावर पाळी पहिल्यांदा आली. तिने नाक जवळ आणलं आणि मागे घेतलं नाही. मी श्वास सोडत होतो, ती घेत होती. तिच्या केसांना रात्री जाळलेल्या पाल्याचा वास होता. तोच ग्लासात होता.

"लाकूड आहे," माय म्हणाली. डोळे मिटलेलेच. "जळका पाला आहे. आमच्या झाडाखालचा. फूल खडकावरचं आहे." मग डोळे उघडले. "बारदाना कुठी आहे?"

मी म्हटलं, "नाई."

"मंग काऊन सांगितलं?"

मी म्हटलं, गावाचं नाव बाटलीवर छापणार होते. तुझं काय झालं असतं. आणखीही काहीतरी बोललो, नीट आठवत नाही. मॅडमनी खाली बघितलं.

दुर्गाकाकू आतापर्यंत पदर कमरेला खोचून उभी होती. ती बोलली ती माझ्याशी नाही. "तपासणी शनवारची ऐतवारी काऊन गेली ते आता समजलं. पोरगा शनवारी येते. नाई का, अध्यक्षबाई?"

मला वाटलं माय तिला झापणार. माय म्हणाली, "हो. म्हणूनच नेली."

 पेरूचा पाला, वेगळे धुतलेले कपडे, मऊ हात. पहिल्याच महिन्यापासून. तिचं नाक चुकत नाही हे मीच या डायरीत लिहिलं आहे, आणि पुढचं वाक्य लिहिताना विसरलो.

पण मोहाचं तिला माहीत नव्हतं. ते तिला विक्कीने "पिंप" म्हटलं तेव्हा कळलं. माझं ती झाकत होती. फुलाचं तिने झाकलं नाही, पहिली गाडी पकडली.

मॅडमना तिने सांगितलं, बाटलीवर गावाचं नाव लावायचं नाही आणि यंदा फूल मिळणार नाही. "पण कुबट होतं असं कुणाले सांगाचं नाई. ते खोटं आहे." मॅडम म्हणाल्या की त्या स्वतः धानोऱ्याच्या व्यापाऱ्याला फोन करतील आणि मालकांनाही खरं कळवतील. मग मला म्हणाल्या, "ग्लास इथेच ठेव, लोकेश. चवीला तुला परत बसवता येणार नाही. गोदामाचं काय ते मालक ठरवतील." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

गेटबाहेर येताना मायने हुकूम सोडला. आज संध्याकाळी ग्रामसभा आहे. मी बसायचं. दोन गोष्टी सांगायच्या: फूल दारूला गेलं, आणि फूल कुबट नव्हतं. "दोन्ही सांगाच्या. एकच सांगशील तं खोटं होईल."

दुर्गाकाकू म्हणाली, "अन् याच्या मायले कोण बसवणार?"

"मीबी बसीन. त्याच्या बाजूले." मग म्हणाली, "पहिले वारलूले बोलवून आण. त्याले लई बोलाचं असन."

दुर्गाकाकूने मायच्या हातातली टोपली काढून आपल्या डोक्यावर घेतली.

येताना एसटीत माय खिडकीशी बसली होती. वैनगंगेचा पूल आला. माझा हात सवयीने खिशात गेला, तिनेच बांधून दिलेली पेरूच्या पाल्याची जुडी होती, त्यातलं एक पान काढलं. मायने ते माझ्या बोटांतून घेतलं. मग खिशात हात घालून उरलेली जुडीही घेतली आणि खिडकीतून नदीत टाकून दिली.

सकाळपासून पहिल्यांदा ती गोंडीत बोलली. म्हणाली, आज तसाच चल.

गाडी लागली आहे. माय दुर्गाकाकूला उठवते आहे.